चार बोटं वर

मित्रांनो, अंगणात तुम्ही लंगडी घालता, सायकलचे फेरे मारता, सुट्टीत तिथेच स्टंप मांडता. ते अंगण कधीकाळी कोणीतरी ठोकून घट्ट केलेलं असतं, हे मात्र तुमच्या मनातही येत नाही. त्यात तुमचा काही दोष नाही. पायाखालच्या गोष्टींकडे एरवी कोण बघतं? मी एक जुना धुम्मस आहे. हा शब्द कदाचित तुम्ही ऐकला नसेल. वीतभर लांबरुंद लोखंडी बूड आणि वर छातीपर्यंत येणारा बाभळीचा दांडा, एवढंच माझं शरीर. दोन्ही हातांनी मला उचलायचं आणि जमिनीवर आपटायचं. माती बसली की पुढच्या जागेवर जायचं. आयुष्यभर मी एवढंच केलं.

सध्या माझा मुक्काम चाळीसगावला, नदीकडच्या मळा कॉलनीत, असलम मिस्त्रीच्या पुढच्या दाराशी आहे. पाण्याच्या टाकीचं झाकण वाऱ्यानं उडू नये म्हणून मला त्यावर ठेवलेलं असतं. असलमला गावात सगळे मिस्त्री म्हणतात, पण मी त्याला विशीतला, मिसरूड फुटलेला पाहिलाय, म्हणून मी त्याला अरेतुरेच करतो. माझी गोष्ट ही खरं तर त्याचीच गोष्ट आहे, कारण मी कधी एकट्यानं पडलो नाही. मी पडलो तो प्रत्येक वेळी त्याच्याच हातून.

माझा जन्म धरणगावचा. तिथलं एक जिनिंग बंद पडलं आणि त्याचं लोखंड भंगारात निघालं. कापसाच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसचा एक जाड तुकडा लोटन लोहारानं उचलून आणला, तापवला, ठोकला आणि त्याला दांड्यासाठी गळा केला. आधी मी कापूस दाबत होतो, नंतर माती दाबायला लागलो. दाबणं काही सुटलं नाही. असलम मला न्यायला आला तेव्हा लोटननं मला एका हातानं उचलून त्याच्या पुढ्यात आपटलं आणि म्हणाला, "ले असलम, हाऊ धुम्मस तुना नातूले बी पुरी." असलम हसला होता. तेव्हा त्याचं लग्नही झालं नव्हतं.

पहिली वर्षं फार चांगली गेली. पारोळ्याकडच्या खेड्यांत आम्ही ओटे घातले, खळी केली, शाळांची पटांगणं चोपली. आमच्या खान्देशातली काळी माती कापसाला चांगली, पण अंगणाला महाखोडकर. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वर काही बांधलं तर त्यालाही आपल्याबरोबर हलवते. म्हणून आधी हातभर काळी माती काढायची, तिथे मुरूम टाकायचा, पाणी मारायचं आणि मग माझं काम सुरू. माती कच्ची असली की माझा आवाज ढप्प येई. मुरूम बसला की तोच आवाज टणक होई. असलम डोळे मिटून नुसत्या आवाजावर सांगायचा की अमक्या कोपऱ्यात अजून पाच ठोके हवेत. संध्याकाळी तो मला पुसायचा, दांड्याला एरंडेल चोळायचा आणि भिंतीला उभा करायचा. लोक म्हणायचे, असलमचं अंगण दहा वर्षांत खचत नाही. ते ऐकताना मला वाटायचं, हे कौतुक निम्मं माझं आहे.

मग पेव्हर ब्लॉक आले. लाल, पिवळे, करडे. मुरमावर दगडाची बारीक कच पसरायची, दोरी लावायची आणि ब्लॉक एकाला एक बसवत जायचं. असलम हे काम शिकला आणि त्यात नावाजला गेला. काम संपलं की त्याची एक रीत होती. घरमालकाला समोर उभं करायचा आणि अंगणाच्या मधोमध बादलीभर पाणी ओतायचा. पाणी कुठेही न थांबता, डबकं न करता, सरळ फाटकाबाहेर जायला हवं. पाणी बाहेर पडलं की असलम बादली पालथी घालायचा आणि म्हणायचा, "झालं काम." घरमालक खूश, असलम खूश आणि कोपऱ्यात उभा असलेला मीही खूश. फाटकाबाहेर गेलेलं पाणी पुढे कुठे जातं, ते बघायला आमच्यापैकी एकही जण कधी रस्त्यावर आला नाही. आमची चूक झाली ती तिथेच.

मळा कॉलनीतलं पहिलं अंगण प्रमिलाबाईंचं. कॉलनीत त्यांना सगळे अक्का म्हणतात. गल्ली वरून खाली नदीकडे उतरत येते आणि अक्कांचं घर सगळ्यांत खाली, शेवटचं. मागे भिंत, भिंतीपलीकडे अंगणवाडी, त्यापुढे नाला. अक्कांचे यजमान लवकर गेले. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी टाकून त्यांनी सारिका नावाची मुलगी वाढवली, तिचं लग्न करून तिला पारोळ्याला दिलं आणि मग एकट्या राहिल्या. असलमनं त्यांचं अंगण करायला घेतलं तेव्हा तो म्हणाला की रस्त्यापेक्षा थोडं उंच घेऊ. अक्कांनी साफ नाही म्हटलं.

"वर लेवाचं नही भाऊ. बाया डोकावर डबा लिसन येतस. पायरी ऱ्हायनी ते ठेच लागी."

म्हणून अक्कांचं अंगण रस्त्याबरोबर राहिलं. म्हाताऱ्या बाया पाय न उचलता, सरळ चालत गिरणीपर्यंत जायच्या. मी ते अंगण मनापासून चोपलं होतं.

वर्षभरानं शेजारच्या रतिलालभाऊंनी असलमला बोलावलं. ते पोस्टातून निवृत्त झालेले, नीटनेटके गृहस्थ. "मिस्त्री, अक्कांपेक्षा चार बोटं वर घ्या," ते म्हणाले, "पावसाचं पाणी आत नको." असलमनं चार बोटं वर घेतलं. पुढच्या घराला रतिलालभाऊंपेक्षा चार बोटं वर हवं होतं. त्याच्या पुढच्याला त्याहून चार बोटं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, मित्रांनो. जो तो आपल्या घरापुरतं बघत होता आणि चार बोटं म्हणजे ती कितीशी! शिवाय दोन ब्लॉकच्या फटीतून गवत उगवतं, मुंग्या निघतात, म्हणून लोकांनी फटींत सिमेंट ओतून घेतलं. फाटकाजवळच्या जास्वंदीच्या पट्ट्या, कडुलिंबाभोवतीची उघडी माती, तीही झाकली गेली. असलमनं स्वतःचं घर गल्लीच्या मध्यावर बांधलं तेव्हा त्याचंही अंगण वरच्या शेजाऱ्यापेक्षा चार बोटं वर घेतलं. मिस्त्रीचंच अंगण खाली राहिलं तर लोक काय म्हणतील, असं त्याला वाटलं. ही सगळी चार-चार बोटं मीच ठोकली आहेत.

पुढे असलमचा मुलगा उजैर हाताशी आला आणि त्यानं पेट्रोलवर धडधडणारं मशीन आणलं. माझं दिवसाचं काम ते तासाभरात उरकायचं. त्या मशीनचा मला राग आला होता, हे मी आज कबूल करतो. भिंतीकडेचे कोपरे तेवढे माझ्याकडे राहिले, कारण तिथे मशीन पोचत नसे. मग तेही गेलं आणि रईसाभाभीनं, म्हणजे असलमच्या बायकोनं, मला टाकीच्या झाकणावर ठेवून दिलं. दांड्याचं एरंडेल वाळलं. बुडाला गंज चढला. पण त्या झाकणावरून मला पूर्ण गल्ली दिसायची आणि पावसाळ्यात मी पाहू लागलो की दर फाटकातून एकेक ओहोळ बाहेर येतो, सगळे मिळून खाली जातात आणि अक्कांच्या दाराशी वळतात. पहिल्या वर्षी उंबऱ्यापर्यंत. दुसऱ्या वर्षी उंबऱ्याच्या आत. अक्का खराट्यानं पाणी लोटायच्या आणि गिरणी सुरू करायच्या.

गल्लीच्या अगदी वरच्या टोकाला हेमराजभाऊंनी मोठं मंगल कार्यालय बांधलं. त्यासमोर शंभर गाड्या उभ्या राहतील एवढं पार्किंग करायचं होतं, अखंड काँक्रीटचं. असलमच्या आयुष्यातलं ते सगळ्यांत मोठं काम. तिथली शेवटची लिंबाची बाग काढली गेली, मुरूम पडला, मशीन तीन आठवडे धडधडत राहिलं. कडेची ठोकणी करायला मलाही नेलं होतं, म्हणून पुढचं बोलणं मी स्वतः ऐकलं. भर दुपारी अक्का डोक्यावर पदर घेऊन गल्ली चढून आल्या. दम लागला होता. त्यांनी ते एवढं मोठं, उतारावर पसरलेलं करडं काँक्रीट पाहिलं आणि विचारलं, "असलमभाऊ, आठलं पानी कथा जाई?"

"गल्लीमा जाई, अक्का," असलम दोरी गुंडाळत म्हणाला.

"आनि गल्लीनं?"

असलम म्हणाला, "नालामा जाई. तू बेफिकर ऱ्हाय."

"बठ्ठासनं पानी मना दारे येस, भाऊ. आते हाई बी येई." एवढं बोलून अक्का परत फिरल्या. त्या भांडल्या नाहीत. त्या रात्री जेवताना रईसाभाभीनं विषय काढला. "अजी, सबका पानी उसकेच दरवाजे पे जाता. तुमको दिखता नहीं क्या?" असलम म्हणाला की गिऱ्हाईक सांगेल तसं काम करावं लागतं. भाभी म्हणाली, "अक्का भी तो गिऱ्हाईकच थी ना." ताटातली भाकरी तशीच टाकून असलम उठला, पण काम मात्र त्यानं ठरल्याप्रमाणे पुरं केलं. शेवटी बादलीभर पाणी ओतलं, ते झरझर उतरून गल्लीत गेलं आणि हेमराजभाऊंनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

मग श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याचे रोट करायला घरातली माणसं मोजून, सव्वाच्या मापानं गहू घेतात आणि ते दळायला देतात. या दळणासाठी अक्का गिरणी धुऊनपुसून घेत आणि दोन दिवस दुसरं कुठलंही धान्य आत येऊ देत नसत. त्या शुक्रवारी गल्लीतल्या अकरा घरांचे अकरा डबे त्यांच्याकडे आले होते. स्टीलचे, पितळेचे, प्रत्येकावर नाव खोदलेलं.

सकाळपासून डोंगराकडे काळंकुट्ट होतं. दुपारपर्यंत नदी फुगली आणि नाल्याचं पाणी पुढे सरकेना, ते मागे हटू लागलं. तेवढ्यात आमच्या गल्लीवर पाऊस कोसळला. मी झाकणावरून पाहत होतो. हेमराजभाऊंच्या पार्किंगवरून पाण्याचा लोंढा आला, प्रत्येक फाटकानं त्यात आपली भर घातली आणि ते सगळं खाली अक्कांच्या घरावर जाऊन थडकलं. पुढे जायला वाट नव्हती. आमच्या अंगणात मात्र टाच बुडेल एवढंही पाणी नव्हतं.

रईसाभाभी ओरडली, "अक्का अंदर है!" असलम धावला. जाता जाता त्यानं मला उचललं. कशासाठी उचललं, हे तेव्हा त्यालाही माहीत नसावं. हाताला सवय होती. गल्लीच्या खालच्या टोकाला कमरेएवढं पाणी होतं. अक्कांचं दार बंद होतं आणि आत तरंगणारी पोती दाराला येऊन अडकली होती. असलमनं खांदा लावला, दार हललं नाही. मग त्यानं मला आडवा धरला आणि दारावर मारलं. मी आयुष्यात पहिल्यांदाच आडवा चाललो. चौथ्या ठोक्याला फळी फुटली.

आत अक्का गिरणीच्या चौथऱ्यावर उभ्या होत्या. मोटर पाण्याखाली गेली होती. ती आधी वर काढली असती तर वाचली असती, पण अक्का मोटर सोडून लोकांचे डबे वर चढवत होत्या. चार डबे त्यांनी फळीवर ठेवले होते. बाकीचे पाण्यात गेले होते, त्यातले काही उघडे पडून गहू पाण्यावर पसरले होते.

"अक्का, चाल बाहेर!" असलम ओरडला.

"थांब भाऊ, रतिलालना डबा खाले ऱ्हायना." असं म्हणून त्या पुन्हा पाण्यात उतरल्या, चाचपडत तो घट्ट झाकणाचा पितळी डबा वर काढला आणि तो पोटाशी धरूनच असलमच्या खांद्यावर आल्या.

गल्लीतलं सगळ्यांत कोरडं आणि मोकळं ठिकाण म्हणजे वरचं पार्किंग. सगळी घरं तिथे जमली होती. हेमराजभाऊ मनानं वाईट माणूस नाही. त्यांनी कार्यालय उघडून दिलं होतं, चहाचं आधण ठेवलं होतं. रईसाभाभीनं अक्कांच्या अंगावर आपली ओढणी घातली. तेवढ्यात हेमराजभाऊ असलमजवळ आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मिस्त्री, मानलं तुम्हाला! एवढं आभाळ फाटलं, पण पार्किंगमध्ये एक थेंब थांबला नाही बघा. काम असावं तर असं." दोघातिघांनी माना डोलावल्या. त्यांना खरंच कौतुक वाटत होतं.

असलमनं खाली पाहिलं. अक्कांच्या लुगड्यातून पाणी गळत होतं. ते काँक्रीटवर पडत होतं आणि उतारावरून घरंगळत पुन्हा त्यांच्याच घराच्या दिशेनं निघालं होतं. असलमच्या हातातून मी सुटलो आणि त्याच्या पायाशी पडलो. तीस वर्षांत त्यानं मला कधी टाकलं नव्हतं. माझ्या आयुष्यात मला खूप शाबासकी मिळाली, मित्रांनो, पण त्या दिवसाची शाबासकी मला आठवली तरी लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. मोटर जळाली होती, दळण्याचे दगड चिखलात रुतले होते. अक्कांचे पाय इतके सुजले होते की त्यांना उभं राहवत नव्हतं. तरी त्यांनी अकराही डबे दारापुढे ओळीनं मांडून ठेवले. पाच कोरडे, सहा भिजलेले. लोक येत होते, आपापला डबा बघत होते. कोणाचा गहू भिजला होता, तर कोणाचा वाचला होता. रतिलालभाऊंनी आपला डबा उघडून पाहिला. आतला एक दाणासुद्धा ओला नव्हता. त्यांनी मोटरकडे पाहिलं, मग अक्कांच्या पायांकडे. डबा काखेत घेऊन ते घरी गेले. रविवारी कानबाई बसली, गाणी झाली, सोमवारी विसर्जन झालं. रीत म्हणून सगळं झालं.

मंगळवारी असलम टेप घेऊन अक्कांकडे गेला. मला बरोबर नेलं होतं. तो म्हणाला, "अक्का, तुनं घर मी वर ली देसू. फरशी, अंगन, बठ्ठं. माले काहीच नको."

"कितलं वर?"

"बठ्ठासपेक्षा चार बोटं."

अक्का खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी मागच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडून अंगणवाडीतल्या पोरांचा गलका येत होता. "मंग ते पानी आंगनवाडीमा जाई," त्या म्हणाल्या. "मी मोठी बाई शे, तुले सांगाले उनी. तरी तू ऐकं नही. त्या पोरे कोनले सांगतीन?"

असलम त्या ओल्या जमिनीवर मटकन खाली बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी पन्नाशीला आलेल्या माणसाला असं रडताना पाहिलं नव्हतं. अक्कांनी त्याला समजावलं नाही, रागावल्याही नाहीत. त्यांनी फक्त पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

घरी आल्यावर असलमनं पहार काढली आणि स्वतःचं अंगण उकरायला घेतलं. फाटकाच्या आत दोन हात रुंदीची पट्टी त्यानं पूर्ण उघडी केली. ब्लॉक काढले, कच काढली, मी जीव तोडून बसवलेला मुरूम काढला. खाली छातीभर खड्डा खणून त्यात मोठे दगड, वर खडी, वर रेती भरली. फाटकाचा उंचवटा तासून रस्त्याबरोबर केला, म्हणजे गल्लीतलं पाणी आत येऊन मुरेल. उजैर हात कमरेवर ठेवून बघत होता. "अब्बा, लोग हँसेंगे. मिस्त्री का खुद का आंगन उखड गया बोलेंगे."

"बोलने दे," असलम म्हणाला.

मला वाटलं, आता शेवटी मला बोलावतील. खड्डा भरला की वरून ठोकायचा असतो, हे मला जन्मापासून माहीत होतं. पण असलमनं मला उचललं आणि बाजूला ठेवलं. "इसको ठोकना नहीं," तो उजैरला म्हणाला, "ढीला रहने दे." मला फार अपमान वाटला. इतकी वर्षं जमीन घट्ट केली आणि आता म्हणे सैल राहू दे. तीन दिवसांनी पाऊस आला तेव्हा मी पाहिलं. आमच्या फाटकासमोरचा ओहोळ आत वळला आणि त्या दगडांत दिसेनासा झाला. मग माझा राग गेला. काही कामं मी न केल्यानंच नीट होतात, हे मला त्या वयात समजलं.

लोक हसले, नाही असं नाही. वरातीमागून घोडं, असंही कोणी म्हणालं. असलम दारोदार फिरला. "आमचं चांगलं अंगण कशाला फोडायचं," असं उत्तर त्याला पाच घरांत मिळालं. आठवडाभरानं रतिलालभाऊ आपणहून आले. फाटकातच उभे राहून म्हणाले, "मिस्त्री, आमच्याकडे कधी येता? त्या डब्यातल्या गव्हाचा रोट माझ्या घशाखाली उतरला नाही हो." त्यांचं फाटक उघडलं आणि मग हळूहळू बाकीच्यांचीही उघडली. दिवाळीपर्यंत सात घरं झाली. हेमराजभाऊ म्हणाले, लग्नसराई उरकू द्या. लग्नसराई उरकल्यावर असलम त्यांच्या दारात रोज जाऊन बसू लागला. शेवटी वैतागून म्हणा, शरमून म्हणा, त्यांनी खालच्या बाजूच्या गाड्यांची एक पूर्ण रांग फोडू दिली. तिथे आता उघडी माती आहे आणि लिंबाची रोपं लावली आहेत. तीन घरं अजून तशीच आहेत. त्यांची नावं मी सांगणार नाही. तीही चांगलीच माणसं आहेत.

पुढच्या श्रावणात तसाच पाऊस झाला. अक्कांचं घर कोरडं राहिलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. घोट्यापर्यंत पाणी आलं आणि संध्याकाळी निघून गेलं. नवी मोटर उंच चौथऱ्यावर होती, ती वाचली. पण अक्का गिरणीवर उभ्या राहिल्या त्या आदल्या वर्षीच्या पुराच्या शुक्रवारी शेवटच्या. त्यांचे पाय पुन्हा पहिल्यासारखे झाले नाहीत. आता सारिका पारोळ्याहून येऊन गिरणी चालवते आणि अक्का दाराशी खुर्ची टाकून बसतात. असलम येता-जाता थांबतो. अक्का त्याच्याशी चांगलं बोलतात, चहा देतात. पण त्यांनी त्याला माफ केलं का, हे त्या कधी बोलल्या नाहीत आणि विचारायचा धीर त्याला अजून झालेला नाही.

असलम अजून कामं घेतो. मात्र नव्या कामावर गेला की दोरी लावण्याआधी तो ती गल्ली उतरत उतरत अगदी खालपर्यंत चालत जातो. तिथे ज्याचं घर असेल त्याचं दार वाजवतो, प्यायला पाणी मागतो आणि चौकशी करतो. उजैर आधी चिडायचा, हल्ली तोही बरोबर जातो. यामुळे काही गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे गेली. असलम म्हणतो, जाऊ देत.

मी आता लोखंडाचा एक गंजलेला तुकडा आहे. मला पुसा, तेल लावा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं एक ऐका. तुम्ही राहता त्या गल्लीतलं सगळ्यांत खालचं घर कोणाचं आहे, तुम्हाला ठाऊक आहे का, मित्रांनो? नसेल तर पावसाळ्याच्या आत जाऊन पाहून या. दारात जे माणूस भेटेल, त्याला विचारा की तुमच्याकडे पाणी कुठवर चढतं. ते भिंतीवर हात ठेवून दाखवतील. तो हात कुठे टेकला ते नीट बघा आणि घरी येऊन तुमच्या आईवडिलांना सांगा.